जीव टांगणीला लागलेले आठ महिने : ‘जे. आर.वर गोळी कोणी झाडली?’

१/२५
२१ मार्च १९८०, शुक्रवार. अफगाणिस्तानातील सोव्हिएत आक्रमणाच्या निषेधार्थ अमेरिकेचा संघ मॉस्को ऑलिंपिकला जाणार नाही, असे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या दिवशी खेळाडूंना सांगितले. तेहरानमध्ये पन्नासहून अधिक अमेरिकी नागरिक चार महिन्यांपासून ओलीस होते. आणि त्याच रात्री दहा वाजता सी.बी.एस. वाहिनीवर एका काल्पनिक तेलसम्राटाला दोन गोळ्या लागल्या. पुढचे आठ महिने अमेरिकेतील घराघरांत एक प्रश्न घोळत राहिला : जे. आर.वर गोळी कोणी झाडली?

२/२५
मालिकेचे नाव ‘डॅलस’. पर्वाचा शेवट अधांतरी सोडून प्रेक्षकांना पुढच्या पर्वापर्यंत ताटकळत ठेवण्याची प्रथा आज सर्वत्र रुळली आहे. तिचे सर्वांत गाजलेले उदाहरण हेच. घटना काल्पनिक असली, तरी ती घडण्यामागची आणि तिचे उत्तर लांबण्यामागची कारणे अस्सल होती : वाहिनीचा हिशेब, एका नटाचा करार आणि कलावंतांचा संप. हा धागा त्या कारणांचा आहे.

३/२५
आधी शब्दाविषयी. या तंत्राला इंग्रजीत ‘क्लिफहँगर’ म्हणतात, म्हणजे कड्याला लोंबकळणारा. मराठीत त्यासाठी ‘जीव टांगणीला लागणे’ हा नेमका वाक्प्रचार आहेच. थॉमस हार्डी यांची ‘अ पेअर ऑफ ब्लू आइज’ ही कादंबरी १८७२-७३मध्ये ‘टिन्स्लीज मॅगझीन’मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यातील एक हप्ता संपतो, तेव्हा हेन्री नाइट हे पात्र समुद्रकाठच्या कड्याला अक्षरशः लोंबकळत असते. ‘क्लिफहँगर’ हा शब्द मात्र पुढे १९३०च्या दशकात अमेरिकेत रूढ झाला. तेथील चित्रपटगृहांत दर आठवड्याला एकेक भाग दाखवले जाणारे साहसपट त्याला कारणीभूत ठरले.

४/२५
रेडिओने आणि मागोमाग दूरचित्रवाणीने हे तंत्र दुपारच्या कौटुंबिक मालिकांसाठी उचलले. साबण बनवणाऱ्या कंपन्या या मालिकांच्या प्रायोजक असत, म्हणून त्यांना ‘सोप ऑपेरा’ हे नाव पडले. आठवडाभर रोज एक भाग आणि शुक्रवारी एखादा मोठा पेच, हा त्यांचा शिरस्ता. सोमवारी प्रेक्षक परत यावा, एवढाच हेतू. प्रतीक्षा दोन दिवसांची होती, आठ महिन्यांची कोणी कल्पनाही केली नव्हती.

५/२५
संध्याकाळच्या मुख्य वेळेतील मालिकांचे गणित निराळे होते. वाहिनीवर दाखवून झालेले भाग पुढे देशभरातील स्थानिक केंद्रांना विकले जात. ही केंद्रे ते भाग सोयीनुसार, मागेपुढे कसेही दाखवीत. त्यामुळे प्रत्येक भाग स्वतंत्र आणि पूर्ण असणे निर्मात्याच्या फायद्याचे असे : गुन्हा घडला, उलगडला, भाग संपला. ‘पेटन प्लेस’ (१९६४-६९) किंवा ‘सोप’ (१९७७-८१) यांसारखे अपवाद होते, पण ते अपवादच.

६/२५
‘डॅलस’चीही सुरुवात सावधपणे झाली. २ एप्रिल १९७८पासून केवळ पाच भाग, चाचणीदाखल. जनक डेव्हिड जेकब्स, निर्मितीसंस्था लोरिमार. टेक्सासमधील साउथफोर्क या वाड्यावर राहणारे तेलश्रीमंत यूइंग घराणे आणि त्यांचे पिढीजात वैरी बार्न्स, असा हा संसार. धाकट्या यूइंगने, बॉबीने, बार्न्स घराण्यातील पॅमशी लग्न केले, हा मूळ कथाबिंदू. थोरला भाऊ जे. आर. सुरुवातीला दुय्यम होता. लॅरी हॅगमन या नटाने त्याला असा काही रंगवला, की मालिका हळूहळू त्याचीच झाली.

७/२५
काळही या खलनायकाला अनुकूल होता. १९७३ आणि १९७९ या दोन तेलटंचाईंमुळे अमेरिकी माणूस पेट्रोलपंपापुढच्या रांगेत उभा राहिला होता. इराणमध्ये क्रांती झाली होती. ‘डॅलस’च्या तिसऱ्या पर्वात जे. आर. वडिलोपार्जित साउथफोर्क गुपचूप गहाण टाकून आशियातील तेलविहिरींत पैसा गुंतवतो. तेथील सरकार त्या विहिरी ताब्यात घेणार, याचा सुगावा लागताच तो त्यातला मोठा वाटा आपल्याच मित्रांच्या गळ्यात मारतो. दुसऱ्या दिवशी मित्र कंगाल होतात. बातम्यांतले जग असे मालिकेत शिरले होते.

८/२५
तिसरे पर्व संपत आले, तेव्हा मालिका लोकप्रियतेत पहिल्या दहांत होती. सी.बी.एस.ने ठरल्यापेक्षा आणखी काही भाग मागितले. कथेचा शेवट तर आधीच आखून झाला होता. आता नवे काय दाखवायचे? लेखक-निर्मात्यांच्या बैठकीत एक कल्पना निघाली : जे. आर.ला गोळी घालू या. दूरचित्रवाणीच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध प्रश्नाचा जन्म असा जादा भागांच्या मागणीतून झाला.

९/२५
त्या भागाचे नाव होते ‘अ हाउस डिव्हायडेड’. त्यात जे. आर. एकामागून एक शत्रू जोडत जातो. पत्नी सू एलनला तो पुन्हा मनोरुग्णालयात धाडू पाहतो. मेहुणी आणि प्रेयसी असलेल्या क्रिस्टिनला शहरातून हाकलू पाहतो. क्लिफ बार्न्सच्या हाती आलेली तेलविहीर बंद पाडतो. बँकर, वकील, फसवले गेलेले भागीदार, सगळेच त्याच्या जिवावर उठलेले. रात्री तो कार्यालयात एकटा आहे. बाहेर चाहूल लागते, तो दारापर्यंत येतो. दोन गोळ्या. तो कोसळतो. मारेकरी दिसत नाही. पर्व संपते.

१०/२५
मारेकरी दाखवला नाही, कारण तो ठरलेलाच नव्हता. आधी गोळी झाडली गेली, ती कोणाच्या हातून झाडली हे लेखकांनी नंतर ठरवले, असे निर्मात्यांनीच पुढे सांगितले. पण याचा एक फायदा झाला. संशयितांपैकी प्रत्येकाकडे खरेखुरे कारण होते आणि एकाकडेही पडद्यावर वेगळी खूण नव्हती. प्रेक्षक जेवढे अंधारात होते, तेवढेच लिहिणारेही होते. त्यामुळे घरोघरचे तर्क लेखकांच्या तर्काइतकेच ग्राह्य होते.

११/२५
नेहमीच्या रिवाजाप्रमाणे उत्तर सप्टेंबरमध्ये मिळायला हवे होते. अमेरिकेत पर्व शरद ऋतूत सुरू होई, वसंतात संपे आणि उन्हाळ्यात जुनेच भाग पुन्हा दाखवले जात. प्रतीक्षा फार तर सहा महिन्यांची. पण १९८०च्या उन्हाळ्यात दोन गोष्टी आड आल्या.

१२/२५
पहिली गोष्ट म्हणजे लॅरी हॅगमन. आपल्या पात्राच्या जगण्यामरण्यावर सारा देश बोलतो आहे, हे त्याला दिसत होते. त्याने मानधनात मोठी वाढ मागितली आणि नव्या पर्वाचे चित्रीकरण सुरू व्हायच्या वेळी तो इंग्लंडला निघून गेला. तेथेही ‘डॅलस’ लोकप्रिय होती. निर्मात्यांनी पर्याय चाचपला : रुग्णवाहिकेला अपघात होतो, जे. आर.चा चेहरा भाजतो, शस्त्रक्रियेनंतर तो दुसऱ्याच नटाचा चेहरा घेऊन उठतो. अखेर मागणी मान्य झाली आणि हॅगमन परतला. कथेतला माणूस मृत्यूच्या दारात असताना तो साकारणारा नट मात्र आयुष्यातील सर्वांत बळकट स्थितीत होता.

१३/२५
दरम्यान प्रश्न देशभर पसरला होता. ११ ऑगस्ट १९८०च्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर हॅगमन झळकला. ब्रिटनमध्ये पैजा घेणाऱ्या दुकानांनी संशयितांवर भाव लावले. बनियन, बिल्ले, गाणी निघाली. ते निवडणुकीचे वर्ष होते. जे. आर.वर गोळी एका डेमोक्रॅटने झाडली, असे बिल्ले रिपब्लिकनांनी काढले. स्वतः कार्टर डॅलस शहरात निधी जमवायला गेले असता गमतीने म्हणाले, की मारेकऱ्याचे नाव मला कळले, तर साऱ्या प्रचाराचा खर्च त्यावर भागेल.

१४/२५
दुसरी गोष्ट अधिक मोठी होती. २१ जुलै १९८० रोजी चित्रपट आणि दूरचित्रवाणीच्या नटांनी संप पुकारला. प्रश्न केवळ वेतनाचा नव्हता. घरोघरी व्हिडिओ कॅसेट येऊ लागल्या होत्या. पैसे भरून पाहायच्या वाहिन्या वाढत होत्या, एच.बी.ओ. १९७२पासून सुरू होती. जुने काम नव्या मार्गाने विकले जाणार, तर त्या उत्पन्नात काम करणाऱ्याचा वाटा किती? संप या मुद्द्यावर होता.

१५/२५
संपाची झळ प्रेक्षकांनाही दिसली ती सप्टेंबरमध्ये. एमी पुरस्कारांच्या सोहळ्यावर नटांनी बहिष्कार टाकला. पारितोषिक मिळालेल्या नटांपैकी केवळ एक, पॉवर्स बूथ, मंचावर आला. इतरांची नावे उच्चारली गेली, माणसे नव्हती. संप झगमगत्या नावांपुरताही नव्हता. संघटनेचे बहुसंख्य सदस्य तुटपुंज्या आणि अनिश्चित कमाईवर जगणारे नट होते. चित्रीकरण थांबल्यामुळे रंगभूषाकार, सुतार, विजेची कामे करणारे यांचाही रोजगार थांबला.

१६/२५
तीन महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये तडजोड झाली. वेतनवाढ मिळाली आणि पैसे भरून पाहायच्या वाहिन्यांच्या उत्पन्नात वाट्याचे तत्त्व मान्य झाले. ‘डॅलस’चे चौथे पर्व ७ नोव्हेंबरला सुरू झाले. उत्तर पहिल्याच भागात आले नाही, चौथ्या भागापर्यंत ताणले गेले. यातही हिशेब होता. नोव्हेंबर हा प्रेक्षकसंख्येच्या विशेष मोजणीचा महिना. जाहिरातींचे दर तिच्यावर ठरत. आठ महिन्यांच्या प्रतीक्षेतील शेवटचे दोन आठवडे वाहिनीने मुद्दाम घातलेले होते.

१७/२५
गुपित राखण्यासाठी निर्मात्यांनी एक साधी युक्ती केली. गोळी झाडण्याचे दृश्य अनेक पात्रांना घेऊन वेगवेगळे चित्रित केले. खरे कोणते, हे चित्रीकरणात असलेल्या बहुतेकांनाही ठाऊक नव्हते. खोटे बोलायला कोणाला शिकवावे लागले नाही, कारण प्रत्येकाजवळ आपापल्या दृश्याचे अर्धसत्य होते.

१८/२५
२१ नोव्हेंबर १९८०. पुन्हा शुक्रवार, बरोबर आठ महिने. ‘हू डन इट’ या भागात सू एलनच उलगडा करते : गोळी झाडणारी तिची सख्खी बहीण क्रिस्टिन. ही भूमिका मेरी क्रॉस्बी हिने केली होती, गायक-नट बिंग क्रॉस्बी यांची कन्या. क्रिस्टिन शांतपणे सांगते, की आपल्या पोटात जे. आर.चे मूल आहे. तुरुंगात जन्मलेले मूल आणि त्यातून होणारी बदनामी जे. आर.ला परवडणारी नाही. तो तिला मोकळी सोडतो. एवढा गाजलेला गुन्हा, आणि शिक्षा कोणालाच झाली नाही.

१९/२५
आता आकडे. नील्सन या मोजणीसंस्थेनुसार त्या रात्री अमेरिकेतील दूरचित्रवाणी संच असलेल्या एकूण घरांपैकी ५३.३ टक्के घरांत हा भाग चालू होता. त्या वेळी संच प्रत्यक्ष सुरू असलेल्या घरांचाच विचार केला, तर प्रमाण ७६ टक्के. ‘रूट्स’ मालिकेच्या अखेरच्या भागाने १९७७मध्ये गाठलेला ५१.१ टक्क्यांचा आकडा मागे पडला. प्रेक्षक सुमारे ८ कोटी ३० लाख. सतराच दिवसांपूर्वी झालेल्या अध्यक्षीय निवडणुकीत एकूण मते पडली होती सुमारे साडेआठ कोटी. हा विक्रम १९८३मध्ये ‘मॅश’ मालिकेच्या समारोपाने मोडला.

२०/२५
ब्रिटनमध्ये बी.बी.सी.ने हा भाग दुसऱ्याच दिवशी दाखवला. आणि तुर्कस्तान? तेथील खासदारांना ‘डॅलस’ पाहता यावी म्हणून संसदेचे कामकाज स्थगित झाले, ही कथा आजही आवडीने सांगितली जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे तारीख पाहावी. १२ सप्टेंबर १९८० रोजी तुर्कस्तानात लष्कराने सत्ता घेतली आणि संसद बरखास्त केली. २१ नोव्हेंबरला स्थगित करायला तेथे संसदच अस्तित्वात नव्हती. मोठ्या घटनेभोवती दंतकथा जमतात. त्यांची परीक्षा बहुधा साध्या दिनदर्शिकेने होते.

२१/२५
एवढा मोठा समुदाय एका प्रश्नाभोवती कसा जमला? कथेचे कसब हे अर्धेच उत्तर. १९८०मध्ये अमेरिकेत प्रमुख वाहिन्या तीनच होत्या : सी.बी.एस., एन.बी.सी. आणि ए.बी.सी. घरी कार्यक्रम मुद्रित करून ठेवणारे यंत्र शंभर घरांतील जेमतेम एखाद-दुसऱ्या घरात होते. भाग चुकला, तर चुकला. म्हणून त्या शुक्रवारी सगळे एकाच वेळी घरी होते आणि सोमवारी कार्यालयात सगळ्यांकडे बोलायला तोच विषय होता. प्रतीक्षा सामाईक होती, कारण तिच्यातून पळवाट नव्हती.

२२/२५
१९७९-८०मध्ये सहाव्या क्रमांकावर असलेली ‘डॅलस’ पुढच्या वर्षी पहिली आली. मग पर्वाचा शेवट अधांतरी सोडणे हा नियमच झाला. स्पर्धक ‘डायनॅस्टी’ने १५ मे १९८५ रोजी एका राजविवाहात दहशतवाद्यांकरवी गोळीबार घडवला, सारी प्रमुख पात्रे रक्तबंबाळ दाखवली. शरदात कळले, की मेली ती केवळ दोन दुय्यम पात्रे. प्रेक्षकांना फसवल्यासारखे वाटले आणि मालिकेची लोकप्रियता उतरणीला लागली.

२३/२५
‘डॅलस’ने स्वतःही हीच चूक केली. मे १९८५मध्ये बॉबी मरण पावला. वर्षभराने, मे १९८६मध्ये, पॅमला तो न्हाणीघरात सुखरूप उभा दिसला. सप्टेंबरमध्ये खुलासा आला : मधले अख्खे पर्व, एकतीस भाग, हे पॅमचे स्वप्न होते. ‘डॅलस’मधूनच निघालेल्या ‘नॉट्स लँडिंग’ या मालिकेत बॉबीचा शोक करून झाला होता. तिने तो कधीच परत घेतला नाही. क्रिस्टिनचे नाव कळले, तेव्हा आधी पाहिलेले सारे खरे ठरले होते. स्वप्नाच्या खुलाशाने आधी पाहिलेले सारे पुसले गेले. प्रश्न अधांतरी सोडणे हे प्रेक्षकाकडून घेतलेले कर्ज असते. पहिल्या वेळी ते फेडले गेले, दुसऱ्या वेळी बुडवले गेले.

२४/२५
तंत्राची ताकद त्यानंतरही संपली नाही. १८ जून १९९० रोजी ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’चे तिसरे पर्व संपले ते कप्तान पिकार्ड शत्रूच्या यंत्रसमूहात विलीन झाला असताना. लेखक मायकेल पिलर यांना तो भाग लिहिताना पुढचा उलगडा ठाऊक नव्हता. पण प्रतीक्षेची चौकट तोवर सैल होऊ लागली होती. घरी कार्यक्रम मुद्रित करणे बेकायदा नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४मध्येच दिला होता. १ फेब्रुवारी २०१३ रोजी नेटफ्लिक्सने ‘हाउस ऑफ कार्ड्स’चे तेराही भाग एकदम खुले केले. भागाच्या अखेरचा पेच आता काही सेकंदांत सुटू लागला.

२५/२५
१९८०च्या संपात नट ज्या मुद्द्यावर भांडत होते, तो हाच होता : कथा नव्या मार्गाने घरात पोहोचेल, तेव्हा ती घडवणाऱ्याला काय मिळेल? त्या संपाने एका देशाची प्रतीक्षा लांबवली. आणि ज्या कॅसेट-वाहिन्यांवरून तो झाला, त्यांनी व त्यांच्या वारसांनी पुढे तशी सामाईक प्रतीक्षा जवळजवळ अशक्य केली. १४ जुलै २०२३ रोजी अमेरिकी नट पुन्हा संपावर गेले. या वेळी मागण्यांत इंटरनेटवरून दाखवल्या जाणाऱ्या मालिकांच्या उत्पन्नातील वाटा होता. जे. आर.वर गोळी कोणी झाडली, हे आठ महिन्यांत कळले. नटांचा प्रश्न मात्र त्रेचाळीस वर्षांनीही टांगणीलाच होता.